काडीमाशीला घर कसं करून द्यायचं

दोन वर्षांपूर्वी माघात आमच्या मळ्यात भरताचा बेत होता. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. वांगी भाजायला पऱ्हाटी कमी पडायला लागली म्हणून मी बांधावरच्या कुंपणातून घाणेरीच्या वाळक्या काड्या ओढून आणल्या. एक काडी गुडघ्यावर मोडली, तर आतून पांढरा भुसा सांडला आणि त्याच्याबरोबर एक जिऱ्याएवढी काळी माशी माझ्या तळहातावर पडली. थंडी होती, ती उडेना. तोंडावर तिच्या पिवळसर पांढरा ठिपका, जणू कुणी चुन्याचं बोट लावलंय. काडीचा उरलेला तुकडा उजेडात धरून पाहिला तर आत तांदळाच्या कणीसारखी तीन पिलं, एकामागे एक.

जाऊबाई म्हणाल्या, "टाक व ती काडी चुलीत, वांगं थंड होतंय." माझा हात काही पुढे झाला नाही. ती काडी मी सुतळीनं बांधून परत कुंपणात खोचली. चार दिवसांनी बघितलं तेव्हा तिच्यात जीव नव्हता. माशी गेली आणि पिलंही वाळली. का वाळली ते मला पुढं कळलं, आणि ते कळल्यावरच मी या माशीसाठी काड्यांच्या मोळ्या बांधायला लागले. आता आमच्या मळ्यात अशा नऊ मोळ्या आहेत. त्या कशा बांधायच्या ते सांगते.

आधी माशी ओळखा. मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी, फुलोरी आणि पेटीतली मेलिफेरा आठवते. त्या सगळ्या पोळं करतात, मध साठवतात. ही तसली नाही. हिचा शास्त्रीय वंश ब्राउन्सॅपिस. चार्ल्स मिशनर या अमेरिकन अभ्यासकानं १९६९ साली या वंशाला हे नाव दिलं. हिच्या बहिणी आफ्रिकेत आहेत, आशियात आहेत, ऑस्ट्रेलियात तर यांना 'रीड बी' म्हणतात, म्हणजे बोरूत, वेतात राहणारी माशी. तिकडची एक्सोन्यूरा नावाची माशी झाडासारख्या उंच वाढणाऱ्या नेच्यांच्या वाळक्या देठांत राहते, आणि घाणेरीच्या काड्यांतही. घाणेरी मूळची अमेरिकेतली, ऑस्ट्रेलियातही उपरी आणि इकडेही उपरीच. मराठीत या माशीला रुळलेलं नाव मला कुठं भेटलं नाही. आमच्या घरात नातवानं काडीमाशी म्हटलं, तेच चाललंय.

लांबी साधारण पाच-सहा मिलिमीटर. अंग काळं, चकाकतं, केस फारसे नाहीत. पोटाचा मागचा भाग जरा चपटा, त्याचं कारण पुढं येईल. तिच्याच घराण्यात आणखी दोघी आहेत. एक आपला मोठा काळा भुंगा, जो घराच्या वाशाला गोल भोक पाडतो. दुसरी छोटी हिरवी चमकणारी माशी, सेराटिना, तीही काडीतच राहते. तुमच्या मोळीत हिरवी आली तरी वाईट मानू नका, पाहुणी समजा. पण दोघींच्या संसारात मोठा फरक आहे.

हिरवी सेराटिना काडीत एकेक खोली करते. प्रत्येक खोलीत परागाचा लाडू ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि भुश्याची भिंत घालून खोली बंद करते. पिलाचं आयुष्यभराचं जेवण आधीच वाढून ठेवलेलं. काडीमाशी असं करत नाही. तिच्या काडीत भिंतीच नसतात. एकच लांब बोळ, त्यात तळाशी अंडी, त्यापुढं लहान पिलं, दाराकडे मोठी पिलं आणि कोष. आई रोज फुलांवर जाते, पराग आणि मकरंद आणते आणि एकेका पिलाला थोडं थोडं भरवते. पिलांची घाणही तीच बाहेर नेऊन टाकते. चिमणी जशी पिलांना भरवते तशीच ही रोजची ये-जा. म्हणजे आई गेली की पिलं उपाशी. भरताच्या दिवशी मी जी काडी मोडली, तिच्यातली पिलं त्यामुळेच वाळली. मी आईला घालवली होती.

ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढची सगळी कामं आपोआप कळतात. कुठं टांगायचं, कधी फवारायचं, काडी कधी उघडायची नाही, सगळं याच्यावरून ठरतं.

आता काडी. या माशीला कठीण साल पोखरता येत नाही. तिचे जबडे मऊ गाभ्यापुरतेच. म्हणून तिला हवी असते मोडलेली किंवा कापलेली काडी, जिच्या टोकाला आतला मऊ गाभा उघडा दिसतो. अख्खी काडी, शेंड्यासकट, तिच्या काही कामाची नाही. जंगलात ढोरांनी मोडलेल्या, वाऱ्यानं तुटलेल्या काड्या तिला मिळतात. आपण विळ्यानं नीट छाटली तर तिचं काम सोपं होतं.

माझ्या अनुभवात सगळ्यांत चांगली घाणेरी, म्हणजे टणटणी. ती फुकट मिळते, सगळीकडे आहे आणि तिचा गाभा पांढरा, मऊ असतो. दुसरी शंकासुराची. आमच्या अंगणात शंकासूर आहे, दिवाळीनंतर छाटतो, त्या फांद्या मी फेकत नाही. तिसरी शेवरीची, पण शेवरी ओलसर जागी लवकर कुजते. करंगळीएवढी जाड काडी घ्या. फार बारीक काडीत गाभाच नसतो आणि अंगठ्यापेक्षा जाड काडीत साल फार असते. कापून टोकाकडे बघा. मधला पांढरा ठिपका निदान ज्वारीच्या दाण्याएवढा हवा.

एक गोष्ट ठासून सांगते. पऱ्हाटी वापरू नका. कपाशीची काडी आपल्याकडे ढिगानं असते, मोह होतो, आणि तिला जाळण्यापेक्षा माशीला दिलेली बरी असं वाटतं. पण पऱ्हाटीला लटकलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात तिथूनच उठते. हंगाम संपला की फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुढचं पीक, न घेता कपाशी उपटायची आणि पऱ्हाटी शेतातून हलवायची, हे आपण सगळे इतकी वर्षं ऐकतोय ते खरंच आहे. माशीच्या प्रेमापोटी शेजाऱ्याच्या कपाशीला त्रास देऊ नये. पऱ्हाटी भरताला आणि चुलीला, घाणेरी माशीला, अशी आमच्याकडे वाटणी झालीय.

घाणेरीचीही पथ्यं आहेत. तिचा पाला जनावरांना विषारी. गायीनं खाल्ला तर उन्हात कातडं सोलवटतं, कावीळ होते. म्हणून काड्या तोडतानाच पाला जागेवर ओरबाडून टाका, गोठ्याकडे नेऊ नका. काळी फळं असतील तर तीही तिथंच सोडा, नाहीतर पाखरं ती तुमच्या बांधावर पेरतील. आणि ओली काडी जमिनीत खोचू नका. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. मोळी बांधायचा कंटाळा म्हणून ओल्या काड्या धन्याच्या वाफ्याच्या कडेनं एका रांगेत खोचल्या. पाण्याचा पाट शेजारून जात होता. महिन्याभरात सहा काड्यांना पालवी फुटली. माशी तर आली नाहीच, उलट घाणेरी उपटत बसावं लागलं.

काड्या तोडल्यावर वीतभर ते हातभर लांबीचे तुकडे करा. मी एक वीत आणि चार बोटं एवढे करते, म्हणजे साधारण तीस सेंटीमीटर. धार लावलेल्या कात्रीनं कापा. बोथट विळ्यानं टोक चिरतं आणि चिरलेल्या टोकातून पाणी आत जातं. एका टोकाला पेर राहील असं बघा, म्हणजे मागची बाजू बंद राहते. पेर नसेल तर मागच्या टोकाला चिकणमातीचा गोळा दाबून वाळवा. मग हे तुकडे पडवीत, वाऱ्यावर, उन्हात न ठेवता तीन-चार आठवडे वाळू द्या. काडी वाळली की नाही ते कसं ओळखायचं? नखानं गाभा दाबायचा. ओला गाभा स्पंजासारखा दबतो आणि नखाला ओल लागते. वाळलेला दाबला की भुसा निघतो. त्या भुश्यातच माशीला रस आहे. तो उकरून ती बाहेर फेकते आणि बोळ करते.

काही जण म्हणतील, प्लास्टिकच्या नळ्या, शीतपेयाच्या स्ट्रॉ वापरल्या तर? नको. प्लास्टिकमध्ये वाफ कोंडते, बुरशी येते. आणि उकरायला गाभा नसेल तर काडीमाशीला तिच्यात आपलं असं काहीच वाटत नाही. बांबूच्या पोकळ नळ्यांत दुसऱ्या माश्या येतात, पानं कापणाऱ्या आणि मातीनं लिंपणाऱ्या. त्यांच्यासाठी त्या जरूर लावा, पण वेगळ्या.

मोळी पंचवीस काड्यांची पुरे. सगळ्यांची उघडी तोंडं एकीकडे. सुतळीनं दोन ठिकाणी घट्ट आवळा, काडी हलता कामा नये. हलणाऱ्या काडीत माशी थांबत नाही. शंभर-दोनशे काड्यांचा मोठा गठ्ठा करू नका. दिसायला छान दिसतो, पण एका जागी एवढी पिलं म्हटल्यावर मुंग्या, परजीवी माश्या, पाली, सगळ्यांना पत्ता सापडतो. छोट्या मोळ्या, लांब लांब. आमच्या दोन एकरांत नऊ आहेत आणि दोन मोळ्यांत निदान वीस-पंचवीस पावलांचं अंतर.

आता टांगायची जागा. इथं खान्देशाचं ऊन विसरून चालणार नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर टांगलेल्या माझ्या एका मोळीत मार्चमध्ये सहा काड्या भरलेल्या होत्या, मेअखेर सगळ्या रिकाम्या. पूर्वेकडे तोंड करा, सकाळचं कोवळं ऊन मिळू द्या आणि दुपारी सावली पडेल असं झाड किंवा वळचण बघा. आमच्या लिंबाखालची मोळी सगळ्यांत आधी भरते. उंची कमरेपासून छातीपर्यंत. तोंड थोडं खालच्या बाजूला झुकतं, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. केळीच्या बागेत टांगून उपयोग नाही. केळीला फळ धरायला माशी लागतच नाही आणि आत ओल फार. बांधावर, भाजीच्या वाफ्याजवळ टांगा.

जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. आणि मुंग्या! काडीमाशीचा खरा वैरी मुंगी. पिलं उघड्या बोळात असतात, मध्ये भिंत नाही, मुंगी एकदा आत शिरली की शेवटच्या अंड्यापर्यंत जाते. म्हणून माशीनं दारावर एक युक्ती केली आहे. गाभ्याच्याच भुश्यानं ती दार आतून अरुंद करते आणि घरात असली की आपल्या चपट्या पोटानं ते भोक बुचासारखं बंद करते. काडीच्या तोंडात डोकावून बघाल तर कधी कधी काळं चपटं बूड दिसेल. ती घरात आहे आणि पहारा देतेय असं समजा. पण ती फुलांवर गेली की दार उघडंच. एकाच काडीत दोघी-तिघी बहिणी राहिल्या तर एक फुलांवर जाते आणि दुसरी दार धरते. एकटीचा संसार तेवढा जोखमीचा.

आपण तिला एवढी मदत करू शकतो की मोळी तारेनं टांगायची आणि तारेला मधोमध बोटभर ग्रीस लावायचं. सायकलच्या दुकानातलं साधं ग्रीस. महिन्यातून एकदा बघा, धूळ बसली की परत लावा. मोळीला फांदी किंवा पान टेकत असेल तर ते छाटा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात. ग्रीस काडीला लागू देऊ नका.

टांगायचा काळ दोनदा. एक दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस गेला आणि फुलं भरपूर असतात तेव्हा. दुसरा संक्रांतीनंतर, होळीच्या आत. टांगल्यावर लगेच काही होत नाही. पहिल्या वर्षी मी रोज दोनदा जाऊन बघायचे आणि निराश व्हायचे. जागा ओळखीची व्हायला वेळ लागतो. सातव्या आठवड्यात एका काडीच्या तोंडाखाली, खालच्या पानावर, मला बारीक पांढरा भुसा दिसला, जसा रव्याचा चुरा. वर बघितलं तर काडीच्या पांढऱ्या गाभ्यात मोहरीच्या दाण्याएवढं, अगदी रेखीव गोल भोक. मी तिथंच बसले. थोड्या वेळानं ती उलटी उलटी बाहेर आली, मागच्या पायांनी भुसा ढकलला, क्षणभर दारात थांबली आणि परत आत. असं अकरा वेळा. मग उडाली ती सरळ तुळशीच्या मंजिरीवर.

म्हणून फुलं जवळ हवीत, बारीक फुलं. मोठ्या भोपळ्याच्या फुलापेक्षा हिला छोट्या फुलांचे घोस बरे. तुळस, धने, बडीशेप, तीळ, कांद्याचे डेंगळे, बांधावरची एकदांडी. एकदांडीला आपण तण म्हणून खुरपतो, मी आता मोळीभोवती ती ठेवते. धने फुलोऱ्यावर असताना सकाळी नऊच्या सुमारास वाफ्याशी बसा, काडीमाशी हमखास दिसेल. वांग्याच्या फुलाचं काम मात्र तिच्या भरवशावर सोडू नका. वांग्याचा पराग थरथर करून पाडावा लागतो, ते काम मोठ्या काळ्या भुंग्याचं. त्याच्यासाठी बांधावर वाळकं लाकूड राहू द्या.

मध मिळेल का, असं प्रत्येक जण विचारतो. नाही. ती मध साठवत नाही, आणते आणि भरवते. चावते का? माझ्या हातावर कितीतरी वेळा चालली आहे, कधी डंख नाही. नातू सहा वर्षांचा आहे, तो मोळीला नाक लावून बसतो. मुठीत दाबू नका, एवढंच.

फवारणीबद्दल मन घट्ट करून लिहिते. मागच्या वर्षी धन्यावर मावा आला. दुकानात विचारलं, त्यांनी एक औषध दिलं आणि सकाळी लवकर मारा म्हणून सांगितलं. मी ऐकलं. फुलोऱ्यात, सकाळी आठ वाजता. त्या आठवड्यात वाफ्याजवळच्या तीन मोळ्यांत एकाही दारात बूड दिसलं नाही. दहा दिवसांनी मी दोन काड्या चिरल्या, आत पिलं वाळून काळी पडलेली. हिरव्या सेराटिनाच्या काडीत बंद खोल्यांतली काही पिलं तरी वाचली होती, कारण त्यांचं जेवण आधीच ठेवलेलं. काडीमाशीची एकही नाही. आता फुलोऱ्यात मी रासायनिक काही मारत नाही. माव्याचे शेंडे खुडते, पाण्याचा जोरदार फवारा मारते. कडुनिंबाचा अर्क द्यायचाच झाला तर दिवस मावळल्यावर, सगळ्या घरी आल्यावर, आणि मोळीवर ओला गोणपाट टाकून. सकाळी उजाडायच्या आत गोणपाट काढायचा, नाहीतर त्या कोंडल्या जातात.

काडी आत कशी दिसते हे बघायची इच्छा कुणालाही होते. वर्षातून एकच काडी बघा, तीही पहाटे थंडीत, माशी आत असताना. पातळ सुरी उघड्या टोकापासून लांबीत हलकेच दाबत न्या, काडी दोन फाकांत उघडते. एक फाक बाजूला, एक हातात. सावलीत बघा, मिनिटभर. मागच्या मार्गशीर्षात मी आणि नातवानं जी काडी बघितली, तिच्यात तळाशी पांढरी, जरा वाकडी अंडी, मध्ये पाच पिलं लहानापासून मोठ्यापर्यंत, दाराशी दोन कोष. कोषावर रेशमाचं वेष्टन काहीच नाही, आतल्या माशीचे डोळे तांबूस होत आलेले दिसत होते. आई मध्येच उभी, हललीच नाही. मग फाका परत जुळवायच्या, दोरा गुंडाळायचा, तोंडाकडून दोरा येऊ द्यायचा नाही, आणि काडी त्याच मोळीत, त्याच जागी. दुसरीकडे ठेवली तर बाहेरून येणारीला घर सापडत नाही. त्या काडीत दुपारी ये-जा सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं जेवायला गेलो.

मोळी दोन वर्षांनी जुनी होते, काड्या भुसभुशीत होतात. नवी मोळी जुनीच्या शेजारी, हातभर अंतरावर टांगा. जुनी लगेच काढू नका, तिच्यात पिलं असतात. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहू द्या. दारं कोळ्याच्या जाळ्यांनी भरली, महिनाभर भुसा पडलेला दिसला नाही, की ती मोकळी झाली. तरीही ती चुलीत टाकू नका. आमच्याकडे ती मोळी कुंपणात, घाणेरीच्या जाळीत वर खोचून देतो, आणि भरताच्या दिवशी जाऊबाई आता त्या बाजूच्या काड्यांना हात लावत नाहीत.